सुपडाअक्का आणि मोहरीची पाच झाडं

मोहरीच्या पाच झाडांवरून एका बाईचं वीस वर्षांचं काम गेलं, असं मी सांगते तेव्हा ऐकणारे आधी हसतात. मोहरी म्हणजे त्यांच्या लेखी फोडणीची चिमूट. तिच्यावरून भांडण काय व्हायचं आणि कोणाचं काय जायचं! मला त्या हसण्याचा इतका राग येतो की पुढचं सांगावंसंच वाटत नाही. पण न सांगितल्यामुळे आजवर ज्यांचं फावलं ते पुष्कळ आहेत, म्हणून सांगते.

सुपडाबाई तिचं नाव. आधीची दोन भावंडं दगावली म्हणून हिला जन्मल्या जन्मल्या सुपात घातलं आणि नावही तेच ठेवलं. अशी नावं आमच्या खानदेशात गावोगाव सापडतील. केंद्रावर तिला सगळे सुपडाअक्का म्हणत. केंद्र म्हणजे अमळनेरहून धुळ्याकडे जाताना रस्त्यापासून आत असलेलं तेलबियांच्या संशोधनाचं एक शेत, त्याच्या कडेला कौलारू ऑफिस आणि बियाण्याची खोली. त्याचं नाव लिहीत नाही. आता तिथे दुसरी माणसं आहेत आणि त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

मी तिथे संशोधन सहायक म्हणून रुजू झाले तेव्हा अक्का पन्नाशीला आली होती. काळी, हडकुळी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली, आणि कपाळावर कायमची एक आठी. ती आठी उन्हामुळे पडली असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी कळलं की ती रागाची आहे. अक्का सकाळी शेतात पाऊल टाकायची तीच कोणावर तरी चिडलेली असायची. बसचा कंडक्टर, पाण्याची मोटर, रात्रीतून मोहरीवर चढलेली माव्याची कीड, बियाण्याच्या खोलीत पिशव्या आडव्यातिडव्या ठेवणारा शिपाई, यांपैकी कोणीही चालायचं. मात्र तिचा राग उगाच कधीच नसायचा. ज्या गोष्टीवर ती चिडली ती नीट बघितली की तिथे काहीतरी चुकलेलं सापडायचंच, आणि म्हणूनच ती लोकांना जास्त खुपायची.

तिची नेमणूक रोजंदारीवरची मजूर म्हणून होती. काम मात्र असं होतं की ते करायला आमच्यासारख्या पदवीधरांनाही दोन हंगाम शिकावं लागतं. मोहरीच्या दोन जातींचा संकर करायचा तर उद्या उमलणारी कळी आज ओळखावी लागते. तिच्या पाकळ्या हलकेच बाजूला सारून आतले सहा पुंकेसर चिमट्याने काढायचे, मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही, वर कागदी पिशवी बांधायची आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या जातीचा पराग त्यावर लावायचा. कळी केवढी, तर तांदळाच्या दाण्याएवढी. अक्का हे काम करायला बसली की तासभर मान वर करत नसे. तिने हात लावलेल्या कळ्यांतून भरलेल्या शेंगा निघायच्या. माझ्या हातच्या कळ्या पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त सुकून गेल्या होत्या. तिला लिहिता येत नव्हतं, आकडे तेवढे येत, आणि ते ती टपोरे काढायची.

पण तिचं खरं काम मोजणीचं होतं. मोहरीची कुठली जात चांगली हे ठरवायला एकट्या उत्पन्नाचं वजन पुरत नाही. झाड किती उंच झालं, फांद्या किती फुटल्या, मुख्य दांड्यावर शेंगा किती, एका शेंगेत दाणे किती, हजार दाण्यांचं वजन किती, फूल किती दिवसांनी आलं, हे सगळं बघावं लागतं. आमच्याकडे यावल आणि चोपड्याच्या बाजूने, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून गोळा केलेले गावठी मोहरीचे कितीतरी नमुने होते. त्यांत इतके फरक की बघत राहावं. एक कमरेएवढं, तर शेजारचं डोक्यावरून जाणारं, कुणाच्या शेंगा हात लावताच तडकणाऱ्या, कुणाच्या मळणीत दमवणाऱ्या. या फरकांवरच तर नवीन जात काढणाऱ्याचं पोट. फरकच नसेल तर निवडणार काय?

बाहेरच्यांना हे पटवणं कठीण. एकदा अमळनेरच्या बाजारात एका किराणा दुकानात शेठजी तिला म्हणाले की राई ती राई, तिच्यावर सरकार कशाला पैसे घालतं. अक्का फक्त पावशेर मोहरी घ्यायला गेली होती. तिने शेठजींच्याच पोत्यात हात घातला, मूठ काढून तळहातावर पसरली आणि नखाने एकेक दाणा बाजूला करू लागली. गुळगुळीत ते मोहरीचे, खरबरीत जाळीदार ते पिवळ्या धोतऱ्याचे. धोतऱ्याचं तेल पोटात गेलं तर पाय सुजतात, माणूस दगावतो, हे तिने भरबाजारात मोठ्या आवाजात सांगितलं. शेठजी लाल झाले. गिऱ्हाइकं पांगली. तिने मोहरी घेतली नाही ती नाहीच, वर दुकानाच्या पायरीवर उभं राहून बजावलं:

"बठ्ठी राई सारखी ऱ्हाती, ते केंद्रवर माले कसाले बलावतस?"

गंमत म्हणजे त्यानंतर नवा माल आला की तेच शेठजी तिला निरोप पाठवायचे आणि पोतं उघडून दाखवायचे. एवढा समजूतदारपणा त्या दुकानदाराजवळ होता. केंद्रावरच्या आमच्या साहेबांजवळ तो नव्हता, हेच तर मला सांगायचं आहे.

तर मोजणी. एका प्लॉटमध्ये, म्हणजे एका जातीच्या तुकड्यात, शेकड्याने झाडं असतात, सगळी मोजणं शक्य नाही. म्हणून प्रत्येक प्लॉटमधली पाच झाडं घ्यायची, त्यांना लेबल बांधायचं आणि हंगाम संपेपर्यंत त्याच पाचांच्या नोंदी ठेवायच्या. ही पाच झाडं निवडायची नसतात, ती निघावी लागतात. केंद्रावर जे पहिले साहेब होते त्यांनी अक्काला एक रीत घालून दिली होती. चहाच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या असत. एक चिठ्ठी ओळीची, दुसरी पावलांची. तिसरी ओळ आणि अकरा निघाले तर तिसऱ्या ओळीत अकरा पावलं मोजायची, पाऊल थांबेल तिथलं झाड आपलं. ते रोगट असो, किडकं असो, बोटभर उंचीचं असो. पहिले साहेब बदलून गेले, पुढे वारले, पण अक्काने रीत सोडली नाही. पावलं टाकताना ती झाडांकडे बघतसुद्धा नसे, नजर मातीत ठेवून चालायची.

मला ही रीत माझ्या पहिल्याच आठवड्यात कळली, तीही वाईट तऱ्हेने. पुस्तकात मी ती वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती. पण शेतात उतरल्यावर हात आपोआप चांगल्या झाडाकडे जातो. मी एका प्लॉटमधली पाच भरदार झाडं बघून त्यांना लेबलं बांधली आणि कौतुकाने मागे सरून बघत राहिले. अक्का आली, पाचही लेबलं सोडली आणि माझ्या हातात दिली.

"तू पोर पसंद कराले उनी का झाड मोजाले?"

शेतातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी चिडले, पण त्या दिवशी तिच्यामागे डबा घेऊन फिरले. आमच्या वाट्याला आलेल्या झाडांत एक असं मरतुकडं होतं की त्यावर पंधरा शेंगाही नव्हत्या. मी म्हटलं की अक्का, हे सोडून शेजारचं घेऊ. मग त्या झाडासमोर उकिडवी बसून तिने शेंगा मोजल्या, तितक्याच सावकाश, जितक्या ती भरलेल्या झाडाच्या मोजायची. चौदा निघाल्या. मी लिहायला लागले तेव्हा ती म्हणाली, "झाड सांगी तेच लिख." हे वाक्य मी तिच्या तोंडून पुढे शंभरदा ऐकलं. शेंगा जास्त असल्या की दर विसाला ती एक खडा ओच्यात टाकायची. तेव्हा तिच्याशी कोणी बोललेलं तिला चालत नसे. साहेब आले तरी हाताने थांबा अशी खूण करायची, आणि साहेब थांबायचे. थांबायचे, पण ते त्यांना आवडत नसे.

माझ्या वेळच्या या साहेबांचं वर्णन करायचं तर ते नेहमी स्वच्छ कपड्यांत असत. बूटही स्वच्छ. शेतात बांधावरून बांधावर चालणारा माणूस. बोलायला गोड, चुकलं तरी कोणावर ओरडत नसत. मला ओरडणारी माणसं तेव्हा वाईट वाटायची आणि गोड बोलणारी चांगली. अक्काने या बाबतीतही मला शहाणं करायचा प्रयत्न केला होता, पण मी तिचं ऐकलं नाही.

साहेबांची एक लाडकी जात होती, नंबर सोळा. तिचा प्रस्ताव वर जायचा होता. ती मंजूर होऊन शेतकऱ्यांपर्यंत गेली असती तर साहेबांचं नाव तिच्याबरोबर लागणार होतं. सोळा नंबरात काही झाडं खरोखर देखणी होती, शेंगांच्या भाराने वाकलेली. पण ती जात अजून स्थिर झाली नव्हती. एक झाड भरलेलं, तर दुसरं उघडंबोडकं. असं पीक बघितलं की शिकणारा पोरगाही सांगेल की अजून दोनतीन पिढ्या निवड करायला हवी. साहेबांना तेवढी वाट बघायची नव्हती. अक्काच्या मोजणीत मात्र दर वर्षी सोळा नंबरच्या पाचांत दोनतीन बोडकी झाडं यायचीच, आणि सरासरी खाली बसायची.

ज्या वर्षी सोळा नंबरचा प्रस्ताव जायचा होता, त्याच वर्षी अक्काची फाईलही साहेबांच्या टेबलावर होती. वीस वर्षं रोजंदारीवर काढल्यावर तिला कायम करण्याचा प्रस्ताव निघाला होता. साहेबांच्या शिफारशीवर तो पुढे जाणार होता. कायम होणं म्हणजे आजारपणातली रजा, म्हातारपणी पेन्शन, आणि उद्या सकाळी कामावर घेतील की नाही ही धास्ती संपणं. अक्काला ते हवं होतं. ती बोलून दाखवत नसे, पण दर सोमवारी ती मला विचारायची की कागद हलला का. मी सांगायचे, हलेल.

जानेवारीत जात तपासणारी समिती येणार असं कळलं. तीन जण येणार, प्लॉट बघणार, नोंदी तपासणार. त्याच्या चार दिवस आधी साहेबांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं की सोळा नंबरमधली लेबलं जरा प्रातिनिधिक झाडांवर बांधून घ्या. प्रातिनिधिक हा त्यांचा शब्द. बोडकी झाडं उपटून टाकू का, असं मी विचारलं तर ते नको म्हणाले, कारण उपटल्यावर जागा मोकळी दिसते. एवढा विचार त्यांनी केला होता. मी अक्काला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, डब्यातून निघालेली झाडं बदलत नाहीत. मी म्हटलं, अक्का, तुझी फाईल त्यांच्याकडे आहे. तिने चिमटा रुमालात गुंडाळला आणि पाणी प्यायला गेली.

मग लेबलं मी बांधली. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला आहे. संध्याकाळी बायका घरी गेल्यावर मी सोळा नंबरच्या तिन्ही प्लॉटमधली लेबलं सोडली आणि वाकलेल्या, भरलेल्या झाडांना बांधली. नंतर ऑफिसात बसून नोंदींच्या फील्डबुकातलं सोळा नंबरचं पान नव्याने लिहिलं. माझी पीएच.डी. साहेबांच्या हाताखाली चालू होती, करार वर्षावर्षाचा होता, घरी लग्नाची बोलणी चालली होती. ही कारणं मी त्या काळात स्वतःला रोज सांगायचे. आज वाचताना ती अगदीच फुटकळ वाटतात, आणि तेव्हाही तशीच होती.

समितीच्या दिवशी अक्काला गवत काढायला लांबच्या तुकड्यात पाठवलं. पाहुणे धुळ्याहून गाडीने आले. सोळा नंबरपाशी येऊन लेबलाची झाडं बघितली, माना डोलावल्या. त्यांत एक वयस्क गृहस्थ होते, त्यांनी पान चाळता चाळता सहज विचारलं की मोजणी कोण करतं. साहेब म्हणाले, आमच्या मॅडम. गृहस्थ म्हणाले, हाताने कोण मोजतं? मग बोलावणं भागच होतं.

अक्का हातात विळा घेऊनच आली. गृहस्थांनी तिला एक लेबलाचं झाड दाखवून मोजायला सांगितलं. ती खाली बसली, लेबल हातात धरून बघितलं, मग शेजारचं बघितलं आणि उठली.

"साहेब, ह्या लेबलं मी बांधेल नहीत."

साहेब हसले. बाईंचं वय झालं, ऊन फार लागतं, असं काहीतरी म्हणाले. अक्काने त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती प्लॉटच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली आणि नजर मातीत घालून चालायला लागली. दुसरी ओळ, सात पावलं. तिसरी ओळ, अकरा. चौथी ओळ, चार. चिठ्ठ्या दीड महिन्यापूर्वी निघालेल्या, पण एकही आकडा ती विसरली नव्हती. ज्या ज्या झाडापाशी ती थांबली त्याच्या दांड्यावर दोऱ्याचा वळ अजून स्पष्ट दिसत होता. त्यातली दोन झाडं बोडकी होती. त्यांपैकी एकाच्या तिने तिथेच सगळ्यांसमोर शेंगा मोजल्या. सतरा.

वयस्क गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, फील्डबुक तुमच्याकडे असतं. मूळ झाडं कोणती?"

अक्काही माझ्याकडे बघत होती. तिच्या कपाळावरची आठी त्या क्षणी गेली होती, कारण तिच्या दृष्टीने आता भांडण संपलं होतं. ती अगदी सहज म्हणाली, "पोरी, सांग ना. तूच व्हती ना मनासंगे."

मी म्हटलं, वाऱ्याने लेबलं पडली होती, परत बांधताना गोंधळ झाला असेल. गृहस्थांनी विचारलं, कोणाकडून? मी म्हटलं, अक्कांकडून.

एवढंच. त्या दिवशी कोणी आवाज चढवला नाही, कोणी कोणाला शिवी दिली नाही. समितीने चहा घेतला. अक्का विळा घेऊन गवताच्या तुकड्यात परत गेली आणि संध्याकाळपर्यंत तिने ते सगळं साफ केलं. मी तिच्या जागी असते तर विळा तिथेच टाकून घरी गेले असते. तिने दिवस पुरा केला, कारण काम अर्धवट टाकणं हीही तिच्या लेखी लबाडीच होती.

पंधरा दिवसांत फाईल परत आली. शेरा होता, नोंदी घेताना हलगर्जीपणा. ज्या बाईने वीस हंगामांत एक शेंग जास्त लिहू दिली नाही तिच्या नावापुढे हा शब्द! आणि तो टाईप करणारा कारकून, सही करणारे साहेब, कागद पुढे सरकवणारी मी, आम्ही सगळे तिच्याच मोजणीवर वर्षानुवर्षं पगार खात होतो. तिच्या आकड्यांवर लेख छापले गेले, लोक परिषदांना जाऊन आले, माझ्या प्रबंधातली निम्मी कोष्टकं तिच्या बोटांतून आलेली आहेत. आभाराच्या पानावर मी साहेबांचे आभार तीन ओळींत मानले आहेत. तिचं नाव तिथे नाही. पुढच्या ऑक्टोबरात पेरणीला बायकांना बोलावणी गेली तेव्हा तिला गेलं नाही. चौकशी करायला ती आलीही नाही.

सोळा नंबर पुढे गेली. साहेबांचा सत्कार झाला, शालीतला फोटो वर्तमानपत्रात आला. दोन वर्षांनी पारोळ्याच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचा मला फोन आला. फार नम्रपणे तो विचारत होता की एक झाड शेंगांनी लवलेलं आणि त्याला खेटून उभं असलेलं पार कोरडं, असं कसं, आमचं काय चुकलं? त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण ऑफिसातून त्याला उत्तर गेलं की पेरणी उशिरा झाली आणि पाण्याची पाळी हुकली. खोटं एकदा शेतात पेरलं गेलं की दोष कसणाऱ्याच्या माथी मारला जातो, हे मला त्या उत्तराचा मसुदा वाचताना कळलं. मसुद्यावर माझी आद्याक्षरं होती.

मी केंद्र सोडलं. धुळ्याला एका कृषी महाविद्यालयात शिकवू लागले. वर्गात मी पाच झाडांची रीत शिकवते, आणि शिकवताना अशी चिडते की मुलांना वाटतं मॅडमचं घरी काहीतरी बिनसलंय. कोणी सोयीचं झाड निवडलं तर मी त्याचं फील्डबुक फाडते. साहेबांबद्दल मी शिक्षकांच्या खोलीत उघड बोलू लागले. लोक म्हणायचे, तुमच्यात धमक आहे. मलाही तसं वाटायला लागलं होतं.

आणि मग मी पत्र लिहिलं. त्या समितीच्या वरच्या कार्यालयाला, नावानिशी, सहीनिशी. लेबलं मी बदलली, कोणाच्या सांगण्यावरून बदलली, पान कसं नव्याने लिहिलं, सुपडाबाईंचा त्यात काडीचा दोष नव्हता, त्यांच्यावरचा शेरा काढून टाकावा. चार पानी पत्र. टपालात टाकल्यावर कित्येक वर्षांनी मी ताठ मानेने चालले. उत्तर यायला सात महिने लागले. आपल्या पत्राची नोंद घेतली आहे, एवढंच त्यात होतं. माझं डोकं फिरलं. ठरवलं की निदान जिच्यासाठी लिहिलं तिला तरी जाऊन वाचून दाखवायचं.

बोरी नदीच्या काठाला तिचं गाव. मार्च लागला होता. घरी सून होती, तिने सांगितलं की सासूबाई दुसऱ्याच्या शेतात दादरची कणसं खुडायला गेल्या आहेत. रब्बी ज्वारीच्या त्या शेतात दहाबारा बायका ओळीने चालल्या होत्या. अक्का कडेच्या ओळीत होती. वाळली होती, पाठीत वाकली होती, पण हात तेवढेच वेगाने चालत होते. मला बघून तिने ओळखलं. हातातली ओळ संपवली आणि मगच बांधावर येऊन बसली.

मी पायांना हात लावायला वाकले, तिने पाय मागे घेतले. मग मी पत्र काढलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. अवघड शब्द आले तिथे समजावून सांगितले. साहेबांचं नाव आलं तिथे माझा आवाज चढला. लेबलं मी बांधली, हे वाचताना मला रडू आलं. ती खाली मातीकडे बघत ऐकत होती. वाचून झालं. ती आता मला शिव्या देईल, किंवा रडेल, किंवा पाठीवरून हात फिरवेल, यांपैकी कशालाही मी तयार होते.

तिने विचारलं, "साहेब रिटायर व्हयी गयात का?"

"हो," मी म्हटलं. "गेल्या जूनमध्ये."

"आन् हाई तू कधी लिखं?"

मी कागदावरची तारीख बघितली. ती मला पाठ होती, तरीही बघितली.

"जुलैत," मी म्हटलं.

अक्काने मान हलवली. रागावली नाही. पत्र माझ्या हातातच होतं, त्याच्याकडे तिने पुन्हा बघितलं नाही. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, विळा घेतला आणि पुढची ओळ धरली. दुसऱ्या बायका पुढे निघून गेल्या होत्या. त्यांना गाठायला ती भराभर कणसं खुडू लागली आणि मी बांधावर उभी आहे हे थोड्याच वेळात विसरून गेली.